लवणातलं खाचर आणि खिळ्यावरचा कागद

धाकटे,

तुझ्या तेराव्याच्या पंगतीत मी भाताला हात लावला नाही. वरण वाटीतूनच प्यायले, अर्धी पोळी खाल्ली आणि भाताची मूद पानावर तशीच ठेवून उठले. बायकांना वाटलं, थोरलीला घास उतरत नाही. एकीने पाठीवरून हातही फिरवला. मी फिरवू दिला. दुःख होतंच, ते काही खोटं नव्हतं. पण भात न खाण्याचं कारण ते नव्हतं. मला खरं कारण त्या दिवशी सकाळी कळलं. तुला ते वीसेक वर्षं ठाऊक होतं.

खरं तर जायचा नंबर माझा होता. मी थोरली जाऊ, तू धाकटी. हळदीकुंकू असो, पंगत असो, देवळातली आरती असो, तू उभा जन्म माझ्या मागे उभी राहिलीस. कुणी पुढे ढकललं तर म्हणायचीस, "आधी आक्का." एवढ्या एकाच ठिकाणी रांग मोडून पुढे गेलीस. हे काही मला आवडलेलं नाही.

आज तुझ्या पडवीत बसून लिहिते आहे. समोर भिंतीवर तो खिळा आहे. त्याच्याविषयीच लिहायचं आहे, पण मी आधी इकडचं तिकडचं बोलणार, हे तुला माहीत आहे.

तेव्हाची मी आठवते ना तुला? मला आठवली की हसू येतं, आणि मग हसू येतं याची लाज वाटते. कृषी पदवीधर. पुण्याच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत नोकरी, खांद्याला पर्स, डोळ्यांवर काळा चष्मा, कडक खळीची साडी. सणाला गावी यायची ती सासरी आल्यासारखी नाही, तपासणीला आल्यासारखी. तू लग्न होऊन आलीस त्या पावसाळ्यात ओढ्याकाठच्या लवणातल्या, त्या खोलगट जागेतल्या खाचराच्या बांधावर उभी राहून मी तुला युरिया कधी आणि किती टाकावा ते सांगत होते. तू कमरेत वाकून लावणी करत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "आक्का, जरा हितं येऊन दावा की. तितनं ऐकू येत न्हाई."

मी उतरले. चपलांसकट. पोटरीपर्यंत चिखलात गेले आणि वर आले तेव्हा एका पायात चप्पल नव्हती. तू हात घालून चाचपलंस, मिळाली नाही. "ऱ्हाऊ द्या," म्हणालीस, "तेवढंच खत."

घरी सगळे दोन दिवस हसले. मी एक दिवस रुसले. दुसऱ्या दिवशी तूच चहा आणून दिलास आणि म्हणालीस, "युरियाचं काय म्हनत हुता, सांगा आता." आणि खरंच नीट ऐकलंस. ऐकून घ्यायला तू कधी नाही म्हणाली नाहीस. तिथेच माझी फसगत झाली. ऐकणारा माणूस पटवून घेतोच असं मला वाटायचं.

मग ओढ्याच्या वरच्या अंगाला एका कारखान्याचं शेड आलं. पिरंगुटकडून शेडं सरकत सरकत आपल्या शिवारापर्यंत पोचलीच होती. हे धातूच्या भागांवर मुलामा चढवणारं. त्याला ना पाटी ना नाव. काही वर्षांत उठलंही, जाताना पत्रेसुद्धा घेऊन गेलं. पण ते होतं तोवर ओढ्याचं पाणी कधी हिरवट, कधी पिवळट यायचं, आणि ओढ्याचं पाणी आपल्या लवणात यायचं. सगळ्यात सखल खाचर ते. वरचं जे काही वाहून येईल ते तिथेच बसणार.

मला कुणी सांगितलं नाही. तू सांगितलंस. "आक्का, ढोरं ओढ्याच्या पान्याला तोंड लावंनात. हुंगत्यात आन् माघारी फिरत्यात. तुमच्या मशिनीला इचारा, ढोरांना काय कळलंय."

पहिल्या वेळी मी एकूण धातू मोजले. माती तीव्र आम्लात उकळायची, म्हणजे तिच्यात असेल नसेल ते सगळं बाहेर येतं. कॅडमियम म्हणजे मूत्रपिंडं आणि हाडं पोखरणारा धातू; त्याचा आकडा पाहून माझ्याच भुवया वर गेल्या. तरी गावी येऊन मी तुझ्यासमोर व्याख्यान दिलं. मातीत किती आहे याला फारसा अर्थ नाही, मुळांना किती मिळतं याला अर्थ आहे. आमच्या भाषेत त्याला 'उपलब्ध' म्हणतात. खडकात लोखंड असतं म्हणून आपण खडक चाटून रक्त वाढवतो का? त्यासाठी वेगळं द्रावण असतं, ते मूळ जेवढं ओढू शकेल तेवढंच ओढतं.

तू तांदूळ पाखडत होतीस. सूप न थांबवता म्हणालीस, "म्हंजी कणगीत किती हाय ते न्हाई, ताटात किती येतंय ते बगायचं."

हेच मला नव्या मुलांना समजावून द्यायला अर्धा तास लागायचा. पुढे मी तुझं वाक्य चोरलं. प्रत्येक प्रशिक्षणात वापरलं, लोक मान डोलवायचे. तुझं नाव मात्र कधी घेतलं नाही. "ग्रामीण भागात असं म्हणतात," असं सांगायची. ग्रामीण भाग म्हणजे तू, सुपासकट.

तर ताटात किती येतं ते मोजायला मी गौरीच्या सणाला आले, कारण रजा तेव्हाच मिळायची. नुकतीच एक नवी गोष्ट शिकून आले होते, आणि नवी गोष्ट शिकले की माझी चाल बदलायची. भाताच्या खाचराची माती वाळवून तपासू नये, ती शेतात असते तशीच पाण्याखालची, हवा न लागू देता तपासावी. बाकीचे सगळे उन्हात वाळवतात. मी वाळवणार नव्हते. गौरी जेवायच्या दिवशी, भरजरी साडीचा काचा मारून मी लवणात उतरले आणि प्लास्टिकच्या बाटल्या चिखलाने काठोकाठ भरल्या, वर पाणी, झाकण घट्ट. हळदीकुंकवाला आलेल्या बायका बांधावरून बघत होत्या. एक म्हणाली, "पुन्याला चिखल मिळत न्हाई व्हय?" तू म्हणालीस, "मिळतो, पन त्याला इंग्रजी येत न्हाई."

बसमध्ये त्या बाटल्या मी मांडीवर घेऊन गेले. बर्फाच्या डब्यात, लेकरासारख्या.

आकडा आला अगदी थोडा. काळजीच्या रेषेच्या कितीतरी खाली. मी स्वतः अहवाल टंकला, खाली लफ्फेदार सही केली आणि पंधरा दिवसांनी मिरवत गावी आले. पडवीत सगळे जमले होते. मी जाहीर केलं, लवणातला भात निर्धास्त खा.

तू कागद हातात घेतलास. सातवीपर्यंत शिकलेली होतीस, सावकाश पण पुरतं वाचायचीस. वाचून झाल्यावर विचारलंस. ते तुझे शब्द मी तुझ्यापेक्षा जास्त वेळा उच्चारले आहेत, मनात.

"आक्का, तुमी चिखल नेला तवा खाचरात पानी हुतं. आता दसऱ्याच्या सुमाराला आमी बांध फोडनार, पानी काडून देनार. भुई वाळंल, भेगा पडतील, दाना त्याच्यातच पिकंल. पानी सोडल्यावं किती, त्ये बगितलं का?"

मी हसले. इंदू, मी त्या हसण्याची चाल अजून ओळखते, कारण तशी हसणारी बाई आता मला कुठे भेटली तर मी तिच्या थोबाडीत देईन. म्हणाले, "अगं, माती काय पाणी बघून स्वभाव बदलते?"

पडवी हसली. तूही हसलीस, थोडीशी. मग कागदाला भोक पाडलंस, खिळ्याला अडकवलास आणि चहा टाकायला आत गेलीस.

माती बदलते. तिला दुसरा उद्योगच नाही. पाण्याखाली हवा पोचत नाही, तोवर कॅडमियम गंधकाला धरून गप्प बसतं. पाणी काढलं, भेगांतून हवा आत गेली की पकड सुटते, आणि नेमकं दाणा पिकायच्या दिवसांत ते मुळांच्या तोंडाशी येतं. मी चोराला कुलपात कोंडून त्याच्या चोऱ्या मोजल्या होत्या. आणि बाकीचे जे मातीला मुकाट उन्हात वाळवायचे, ज्यांच्याकडे बघून मी नाक मुरडायचे, त्यांनी मोजलं असतं तर कदाचित खरं काय ते दिसलं असतं. जास्त हुशारीने घात झाला. कमी हुशार असते तर तुझ्या उपयोगी पडले असते.

हे मला कळलं सहा-सात वर्षांनी, एका व्याख्यानाला. बोलणारी बाई माझ्या निम्म्या वयाची होती. तिने फळ्यावर दोन रेघा काढल्या, एक पाणी असतानाची, एक पाणी सोडल्यानंतरची. दुसरी चढत गेली. माझ्या हातातला चहा थंड झाला आणि मला तुझा आवाज ऐकू आला. शेजारचा म्हणाला, "मॅडम, बरं वाटत नाही का?" मी म्हणाले, "पंखा फार आहे."

त्याच आठवड्यात गावी यायला हवं होतं. खिळ्यावरचा कागद काढून सांगायला हवं होतं की इंदू, तुझा प्रश्न बरोबर होता, माझं उत्तर चुकलं. एवढंच वाक्य. दिवाळीत सांगू म्हटलं, दिवाळीत घर भरलेलं होतं. मग गौरीला सांगू म्हटलं. मग निवृत्तीनंतर निवांत. दर वेळी मी पडवीत यायचे आणि त्या कागदाकडे पाठ करून बसायचे. तू पाट नेमका त्याच्या समोर मांडायचीस. तेव्हा मला तो योगायोग वाटायचा.

आणि तुझ्या घरून दर वर्षी तांदळाचं पोतं यायचं. मी ते खात राहिले. मनाची समजूत घातली होती, की ती जे खाते तेच मीही खाते, म्हणजे फसवणूक नाही. मोठं प्रायश्चित्त करत असल्यासारखी मी आंबेमोहोराचा गरम भात तूप घालून खायची. प्रायश्चित्ताला वासही चांगला होता.

पण सईच्या उष्टावणाचं काय केलं, ते आता कबूल करते. माझी पहिली नात. तू खास लाल दोरा बांधलेली छोटी पिशवी घेऊन आलीस, नव्या तांदळाची, निवडून, धुऊन वाळवलेली. मी "वा वा" म्हणून ती फडताळात ठेवली आणि दुकानातून आणलेल्या कोलमचा मऊ भात शिजवला. बाळाला चांदीच्या वाटीतून घास भरवला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नंतर स्वयंपाकघरात तू पातेल्याचं झाकण उचललंस, वास घेतलास.

"ह्यो कोलम हाय."

"पचायला हलका असतो," मी म्हणाले.

"व्हय," तू म्हणालीस. "आन् आमचा जड." मग झाकण नीट बसवलंस. "कागदावं तर बरा म्हनून लिवलंय."

मी नळ सोडला आणि धुतलेलीच भांडी परत धुतली. तू जरा वेळ उभी राहिलीस. मला वाटलं, तू रागावलीस. तू रागावली नव्हतीस. तू थांबली होतीस, मी बोलेन म्हणून. एवढं कळायला मला तुझं तेरावं यावं लागलं.

मग तुझी हाडं दुखायला लागली. मग मूत्रपिंडं. डॉक्टरांनी साखरेवर बोट ठेवलं, आणि साखर तुला होतीच, माझ्यादेखत गूळ चोरून खायचीस. लवणातल्या भाताने तू गेलीस असं मी म्हणत नाही. म्हणायला माझ्याकडे आकडा नाही, आणि आकडा नसताना बोलू नये हे मी आयुष्यभर लोकांना शिकवलं. पण तो आकडा नाही तो माझ्यामुळेच नाही. तुझ्या डॉक्टरांनासुद्धा मी एका शब्दाने विचारलं नाही. विचारलं असतं तर ते म्हणाले असते, का, तुम्हाला शंका का येते?

दवाखान्यात शेवटच्या भेटीत तू म्हणालीस, "आक्का, गप का? सांगा की कायतरी शास्त्राचं." तोंड सुकलेलं, तरी डोळा मिचकावलास. मी सईच्या परीक्षेचं सांगितलं. बावधनला तुझ्या अमोलच्या इमारतीत लिफ्ट बंद पडली त्याचं सांगितलं. तू सगळं ऐकून घेतलंस, नेहमीसारखं. मग डोळे मिटलेस आणि म्हणालीस, "बरं हाय."

आता ती तेराव्याची सकाळ.

तुझी सून प्राजक्ता पंगतीसाठी माजघरातून तांदूळ काढत होती. मी मदतीला गेले. दोन पोती होती. एकाचं तोंड सुतळीने बांधलेलं, एकाचं लाल दोऱ्याने. ती सुतळीचं उघडू लागली. मी म्हणाले, लाल दोऱ्याचं पुढे आहे, ते घे.

ती म्हणाली, "ते नको, मोठ्या आई. ते तुमचं आणि आमचं. देवळामागच्या खाचराचं. आई कधीच मिसळू द्यायच्या नाहीत. हे सुतळीचं लवणातलं, ते त्या एकट्याच खायच्या. अर्धं पोतं उरलंय म्हणून पंगतीला काढतेय. कागदावर तर चांगला म्हणून लिहिलंय, वाया कशाला घालवायचं."

मी खाली बसले. तिला वाटलं, गुडघा.

मी विचारलं, कधीपासून? ती म्हणाली, मी लग्न होऊन आले त्याच्या आधीपासून. लवण पडीक का नाही ठेवलं, असं तिने तुला एकदा विचारलं होतं म्हणे. तू म्हणालीस, भुई पडीक दिसली की बिल्डरचा मानूस बांधावं येऊन हुबा ऱ्हातो, त्या नांदे गावाकडं बगितलं न्हाईस व्हय. मग तो भात विकत का नाही? "आपल्याला संशव हाय, त्यो दुसऱ्याच्या पोटात कसा घालायचा."

"आणि माझ्याविषयी काही म्हणाली का?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

प्राजक्ता जरा हसली. "म्हणायच्या, आक्काला कागद पचतो, भात न्हाई पचायचा. मी एकदा म्हटलं, मग तो जुना कागद काढून टाकू का खिळ्यावरून, पिवळा पडलाय. तर म्हणाल्या, हात लावू नगं. त्यांचा हाय, त्याच उतरवत्याल."

म्हणजे मी प्रायश्चित्त म्हणून जे खात होते ते देवळामागचं होतं. सईची लाल दोऱ्याची पिशवीही देवळामागची. मी तुझ्यापासून बाळाला वाचवत होते, आणि तू आम्हा सगळ्यांना माझ्यापासून. आणि तो कागद लावलेला नव्हता, ठेवलेला होता. माझी वाट बघत.

तरी सुतळीचं पोतं मी प्राजक्ताला उघडू दिलं, पंगतीला तेच शिजलं. त्या दिवशी पंगत उठल्यावर मी अमोलला ओट्यावर बोलावलं आणि सगळं सांगितलं. चिखलाच्या बाटल्या, तुझा प्रश्न, माझं हसणं, फळ्यावरच्या दोन रेघा, कोलम. एका जेवणाने कुणाला काही होत नाही, हेही सांगितलं, कारण त्याच्या चेहऱ्यावर तेच आधी आलं. हिंजवडीत दिवसभर पडद्यावर आकडे बघणारा तुझा मुलगा, त्याने मध्ये एकदाही तोडलं नाही. ऐकणं तुझंच घेतलंय त्याने.

शेवटी म्हणाला, "मोठी आई, हे आईला सांगितलं होतंस?"

"नाही."

"तिला कळलं होतं?"

"मला कळायच्या आधी."

तो उठला आणि ओट्याच्या टोकाला जाऊन पाठमोरा उभा राहिला. त्याने मला माफ केलं असं मी लिहिणार नाही, कारण तसं तो म्हणाला नाही. न वळता एवढंच विचारलं, "मग लवणातला या वर्षीचा भात?"

"कापायचा आणि वेगळा ठेवायचा. आकडा येईपर्यंत कुणाच्या ताटात नाही, बाजारात नाही, कोंबड्यांनासुद्धा नाही."

"आकडा कोण आणणार?"

"मी," म्हणाले. त्याने तेव्हा वळून पाहिलं. बहात्तर वर्षांची बाई, एक गुडघा बदललेला. हसला नाही. मी तेव्हा हसले होते तसा तो हसला असता तर बरं झालं असतं, फिटंफाट झाली असती.

आज सकाळी प्राजक्ताला घेऊन लवणात गेले. पाणी काढून महिना होत आला आहे. लोंब्या पिवळ्या पडून वाकल्यात. भुईला भेगा, माझं बोट जाईल एवढ्या. ती जस्ताचं घमेलं घेऊन निघाली होती, मी परत ठेवायला लावलं. घमेल्याचं जस्त मातीला लागतं, जस्तातही थोडं कॅडमियम असतं, मग आकडा कुणाचा ते कळत नाही. बांबूच्या कामटीने उकरलं, नागमोडी चालत आठ ठिकाणी, वीतभर खोल. मला वाकता येईना तेव्हा मी बांधावर उभी राहून सांगत होते आणि ती आत उकरत होती. मध्येच थांबून म्हणाली, "मोठ्या आई, तुम्ही इथे येऊन दाखवा ना, नीट कळत नाही."

तिला काही ठाऊक नाही ग. मी उतरले. चपला बांधावर काढून ठेवल्या. या वेळी भुई कोरडी होती, काही गिळलं नाही. माझी ती एक चप्पल इथेच कुठेतरी आहे. तेवढंच खत.

घरी आल्यावर पडवीतल्या खिळ्यावरून कागद काढला. कडा पिवळ्या, भोकाभोवती गंज उतरलेला, एका कोपऱ्याला तुझ्या बोटाचा तेलकट ठसा. माझी लफ्फेदार सही मात्र ठणठणीत आहे. निगरगट्ट बाई. कागद निघाला तिथे भिंतीवर चौकोन राहिला आहे, आजूबाजूच्या रंगापेक्षा उजळ.

मातीच्या पिशवीला चिठ्ठी बांधावी लागते. मी दुसरा कागद शोधला नाही, हाच पालथा घातला. मागची बाजू कोरी होती. शेताचं नाव: लवण. खोली: एक वीत. खातेदार म्हणून तुझंच नाव लिहिलं, सातबाऱ्यावरून ते अजून उतरलेलं नाही. नमुना कधी घेतला, तिथे लोक नुसती तारीख लिहितात. ती लिहिली, आणि तिच्यापुढे, तपासणारी पोर बुचकळ्यात पडेल तर पडो, तू विचारलं होतंस त्याच शब्दांत लिहिलं:

पानी सोडल्यावं.